मधमाशीला दिसतं ते

मी एक लेन्स बोलतेय. वय चाळिशीपुढचं, अक्कल बेताची. एका बाईनं मला उचलून उजेडात धरलं, तर मला वाटलं, माझ्या रूपावर भाळली.

आयुष्य गेलं तिच्या मामांच्या स्टुडिओत, डार्करूममध्ये, फोटो मोठे करायच्या यंत्राला लटकून. लोकांची लग्नं, सहली, तान्ही बाळं, सगळं पाहिलं. पण निगेटिव्हवर, काळ्याचं पांढरं. माझ्याकडे बघून कुणी हसलं नाही. मग स्टुडिओ बंद पडला आणि मी ड्रॉवरमध्ये. शेजारी रबरबँड आणि वाळलेली पेनं. बोलकी मंडळी नव्हती ती. कधीतरी ड्रॉवर उघडायचा, मी सावरून बसायची. हात कात्री घेऊन जायचा.

एक दिवस वनस्पतिशास्त्र शिकवणारी ही भाची आली.

"मामा, ही नेऊ?"

"ती? अगं, दुसऱ्या सामानावर फुकट आलेली. काचेवर साधा लेपसुद्धा नाही."

"म्हणूनच हवी. चांगल्या लेन्स अतिनील किरण अडवतात. ही बिचारी सगळ्यांना आत घेते."

अपमान गिळला आणि निघाले. ड्रॉवरपेक्षा अपमान बरा.

माळावर एक पिवळं फूल होतं. परमुलखातून आलेलं, हातपाय पसरून बसलेलं. भाची मला कॅमेऱ्याला जोडून आधी साधा फोटो काढायची: चारचौघांसारखं पिवळं. मग माझ्यापुढे फक्त अतिनील किरण सोडणारी काळी काच लावायची. माणसाला न दिसणाऱ्या, पण मधमाशीला दिसणाऱ्या त्या उजेडात पाकळ्यांच्या कडा लख्ख व्हायच्या आणि मधोमध काळंभोर वर्तुळ उमटायचं, 'इथे उतरा' म्हणून सांगणारं. शेजारचं इथलंच रानफूल मात्र सपाट, फिकट. मधमाश्या कुणाकडे जातील, तुम्हीच सांगा.

रोज ते पिवळं फूल माझ्याकडे तोंड करून असायचं. मी आपली समजून चालले, आमची मैत्री झाली.

शेवटच्या दिवशी मामाही आले होते.

"बघा, मधमाश्या याच्याकडेच का जातात ते कळलं," भाची म्हणाली. "उद्या माणसं येऊन सगळं उपटतील, म्हणजे इथल्या फुलांना जरा श्वास मिळेल."

"आणि ही लेन्स?"

"झालं तिचं काम. ठेवा परत ड्रॉवरमध्ये."

दोघं पाणी प्यायला सावलीत गेली. मी कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर तशीच, फुलाच्या नाकासमोर. म्हटलं, आता नाही तर कधी?

"उद्या तुला उपटणार आहेत," मी म्हणाले. "मला परत ड्रॉवर. तुझ्याशिवाय माझं कुणी नाही. तुला माझी आठवण येईल?"

फूल म्हणालं, "जरा सरक. मधमाशीला वाट दे."