मिश्र पोलादाचा सुरा

लोहाराच्या लेकीला ओल्या रानात झुडपं तोडायला मोठा सुरा हवा होता. म्हाताऱ्याने दोन पट्ट्या धारेच्या चाकावर धरल्या. कार्बन पोलादाच्या ठिणग्या फुलासारख्या फुटल्या, मिश्र पोलादाच्या आखूड, तांबूस निघाल्या. कार्बनला धार झटकन चढते, पण गंजही चढतो; मिश्र पोलाद सहजी गंजत नाही. कार्बनचा सुरा दिला, तर लेक महिन्याकाठी धारेला येईल. बायको गेल्यापासून घर खायला उठत होतं.

पण गंजून बोथट झालेल्या सुऱ्याने लेकीचेच हात भरून आले असते. त्याने मिश्र पोलादाचा घडवला.

“बाबा, आता वर्षभर धारेला यायला नको! तुमच्या टोमण्यांतून सुटले.”

“माझीही कटकट टळली गं,” तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने उरलेली कार्बनची पट्टी पुसली आणि तो तिला तेल लावत बसला.