न पडलेला पाऊस

टेनिस कोर्टाची निगा राखणाऱ्या अल्लालने ओल्या लाल मातीत अंगठा रोवला. नखभर आत गेला तेव्हा कुठे त्याने मान हलवली आणि नळ बंद केला. मागे शायमा उभी आहे हे त्याला सावलीवरून कळलं होतं, तरी त्याने पाइप झटकलाच. तिच्या बुटांवर चार थेंब उडाले.

"काका, वय काय तुमचं?"

"पाइप हातात असला की बारा."

शायमा मोरोक्कोतल्या मेकनेस शहरातल्या या क्लबच्या ऑफिसात नवीन होती. क्लबच्या बायकांच्या टेनिस स्पर्धेला यंदा वीस वर्षं होत होती आणि त्या वीस वर्षांचं पुस्तक तिच्या गळ्यात पडलं होतं. संध्याकाळी ते छापायला जायचं होतं. सगळं जुळलं होतं, पहिल्या वर्षाची फायनल सोडून. ती रविवारऐवजी सोमवारी झाली, अवकाळी पावसामुळे, असं जुने कागद सांगत होते. अल्लाल तर तो पाऊस वीस वर्षं सांगत आला होता. दरवर्षी त्यात पाणी वाढायचं. गेल्या वर्षी बेडूकही आले होते.

शायमाने हवामान खात्याचा कागद पुढे केला. त्या अख्ख्या आठवड्यात मेकनेसमध्ये एक थेंब पडला नव्हता.

"आपल्या कोर्टापुरताच पडला असेल," अल्लाल म्हणाला.

"काका."

अल्लालने टोपी काढली, आतून-बाहेरून बघितली, पुन्हा घातली. येत्या रविवारी तो निवृत्त होणार होता. त्या दिवशी जिंकणारीच्या हातात कप द्यायचा मान मॅनेजर ताहरने त्याला दिला होता, आणि अल्लालच्या बायकोने, मिलूदाने, त्यासाठी नवा कफ्तान शिवून घेतला होता. खरं छापलं तर मान गेला. नाही छापलं तर जन्मातली सगळ्यात मोठी खोडी कायमची ढगांच्या नावावर. वीस वर्षं त्याने पोटात दाबून ठेवलं होतं ते हेच.

शेवटी पोटात राहिलं नाहीच. त्याने सांगून टाकलं.

पहिल्या वर्षी रविवारच्या फायनलला खेळणाऱ्या बायका आणि बघायला नुसत्या मिशा असणार होत्या. कारण क्लबमागच्या मोहल्ल्यात लग्न निघालं होतं आणि तिथल्या सगळ्या बायका रविवार रात्रीपर्यंत त्यात अडकलेल्या. मॅच बायकांची, बघणार तुम्ही, आणि आम्ही बदाम सोलायचे, एवढंच मिलूदा बोलली होती. मग दोन दिवस बोललीच नव्हती. रविवारी पहाटे अल्लालने कोर्टाचा नळ सोडला आणि तो चहाला निघून गेला. सात वाजता कोर्टात बदकं पोहली असती. रेफरीने मॅच सोमवारवर ढकलली. नळ कोणी सोडला ते कळेना, आणि नाचक्की नको म्हणून ऑफिसने कागदावर पाऊस पाडला.

सोमवारी तीस बायका आल्या. हातांवर ताजी मेंदी, डोक्यावर लग्नातल्या उरलेल्या मिठाईच्या पराती. प्रत्येक पॉइंटला जिभा नाचवत अशा किलकाऱ्या मारल्या की पंचाने अकरा वेळा शांत बसा म्हणून सांगितलं. बाराव्या वेळी त्याला स्वतःलाच हसू फुटलं. तेव्हापासून इथे फायनलला बायकांना तिकीट नाही.

शायमाने यातलं काहीच लिहून घेतलं नाही. तिने वहीतून आणखी एक पिवळा कागद काढला. त्याच सकाळचा रेफरीचा अहवाल, कुठल्याशा फायलीत तळाला सापडलेला. त्यातल्या एका ओळीवर तिने बोट ठेवलं: कोर्टाचे दोन्ही नळ चालू आढळले.

"दोन्ही?" अल्लालने विचारलं.

"दोन्ही."

त्याने तर एकच सोडला होता. तासाभरात एका नळाने एवढं पाणी कसं केलं, हे कोडं त्याला तेव्हाही पडलं होतं. पण आपल्या हाताला यश आहे, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. दुसरा नळ मागच्या गल्लीच्या बाजूला, कुलपात. त्याची एकुलती एक किल्ली त्या काळी अल्लालच्या घरी, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असायची.

तो कोर्टाची माती दाबायच्या रोलरवर बसला. त्याचे खांदे हलायला लागले. म्हातारा रडतोय की काय म्हणून शायमा घाबरून वाकली. तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मी काय लिहू, काका?"

"पाऊस लिही. धो धो लिही."

मग त्याने खिशातून फोन काढून मिलूदाला लावला. ती चणे निवडत होती. अगदी साळसूद आवाजात त्याने विचारलं, त्या लग्नाच्या रविवारी पहाटे मागच्या नळाची किल्ली कुठे होती ग?

पलीकडे ताटातल्या चण्यांचा आवाज थांबला.

"का?" मिलूदा म्हणाली. "पुन्हा मॅच पुढे ढकलायचीय?"