टाकीनंतरचे पहिले दळण

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. भिंतीतला नव्हे, रस्त्यातलाही नव्हे, पिठाच्या गिरणीतला. आज एका बंद दाराशेजारी उताणा पडलो आहे. माझी कड फुटली आहे आणि येणारेजाणारे माझ्यावर चाकू पाजळतात. तुम्ही म्हणाल, बिचारा! तसे मुळीच म्हणू नका. मी गरीब स्वभावाचा कधीच नव्हतो. आयुष्यभर मी चिरडण्याचे काम केले आणि ते अगदी मन लावून केले.

माझा जन्मच मारझोडीत झाला. डोंगराला सुरुंग लावला आणि मी उडून खाली आपटलो. मग एका पाथरवटाने मला असे बडवले, असे बडवले, की मी गोल झालो. माझ्या पोटात त्याने आरपार भोक पाडले. नरसाळ्यातले धान्य त्या भोकातून आत पडायचे. माझ्याखाली माझा जोडीदार होता, खालचा दगड. तो जागचा हलत नसे आणि मी त्याच्यावर गरगर फिरायचो. इंजिन धडधडायचे, पट्टा फटफटायचा. गिरणीत कोणाला काही सांगायचे तर कानाशी ओरडूनच सांगावे लागे.

धान्यांचे म्हणाल तर प्रत्येकाची मरायची तऱ्हा निराळी. गहू समंजस, फारशी कुरकुर न करता पीठ होऊन जायचा आणि पुढे त्याचे पाव व्हायचे. मला जरा वर उचलून ठेवले की त्याचाच रवा पडायचा. मका मात्र आडदांड. हाड मोडावे तसा कडाकडा फुटायचा. बाजरी अंगाला चिकटायची, तांदूळ गुपचूप पांढरा होऊन जायचा. सातूचे टरफल चिवट. त्याचा कोंडा जनावरांच्या वाट्याला जायचा. मी कोणालाही सोडले नाही. लोक गरम पिठात हात घालायचे आणि म्हणायचे, "वा, काय मऊ पडलंय!" मला त्याचे हसू यायचे.

गिरणी दोघा भावांची होती. थोरला अंगापिंडाने दणकट आणि बोलायला कंजूष. पडत्या पिठाची चिमूट तो दोन बोटांत चोळायचा आणि दगड वर घ्यायचा की खाली, हे ठरवायचा. धाकटा बोलघेवडा. गिऱ्हाइकांची थट्टा करायचा, म्हाताऱ्यांचे डबे घरपोच करायचा. त्याला कोणाचे रडके तोंड बघवत नसे. थोरल्याच्या बायकोला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. ती नरसाळ्यात धान्य ओतायची, पोती शिवायची आणि इंजिन अडून बसले की त्याला चार शेलक्या शिव्या हासडून चालू करायची. त्या शिव्यांना इंजिनही घाबरत असावे.

थोरल्याचे दोन नियम होते. पहिला, दगड रिकामे फिरू द्यायचे नाहीत. मध्ये धान्य नसले की आम्ही दोघे एकमेकांनाच खातो. ठिणग्या उडतात, आणि गिरणीच्या हवेत पीठ तरंगत असते. भडका उडायला वेळ लागत नाही. दुसरा नियम टाकीचा. दळून दळून आमची धार बोथट झाली की थोरला मला दोरखंड लावून उलटा करायचा आणि छिन्नीने नव्याने खाचा पाडायचा. त्यालाच टाकी लावणे म्हणतात. हे दुखते बरे का! पण टाकीनंतर दगडाचा चुरा खाचांत अडकून राहतो. म्हणून आधी बादलीभर मका दळायचा आणि ते पीठ मागच्या खड्ड्यात नेऊन पुरायचे. माणसाला नाही, जनावरालाही नाही. पहिले दळण मातीचे, असे थोरला म्हणायचा.

मग ते टंचाईचे वर्ष आले. शेते करपली आणि दाणा दिसेनासा झाला. गिरणीपुढच्या रांगेत लोक शेरभर धान्य उराशी धरून उभे राहू लागले. कोणी पुढे घुसले की हातघाईवर येत. एकदा सांडलेल्या मूठभर गव्हासाठी दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. ज्यांच्याकडे तेवढाही दाणा नव्हता, ती माणसे मागच्या दाराशी बसायची. संध्याकाळी गिरणी झाडली की केरात आलेले पीठ ती घेऊन जायची.

अशा दिवसांत माझी धार गेली. थोरल्याने टाकी लावली, मका दळला आणि भरलेली बादली धाकट्याच्या हातात दिली. "खड्ड्यात टाकून ये," तो म्हणाला आणि सैल झालेला पट्टा ताणायला वळला.

मागचे दार उघडेच होते, म्हणून पुढचे मी सगळे पाहिले. दाराशी दहाबारा माणसे बसली होती. कडेवर मूल घेतलेली एक बाई उठली आणि बादलीकडे बघत राहिली. धाकटा खड्ड्यापाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. त्याची नुसती घालमेल चालली होती. शेवटी त्याने बादली खाली ठेवली.

"घ्या," तो म्हणाला. "पण नीट चाळून घ्या हं. दोनदा चाळा."

मी आतून ओरडलो असतो, पण दगडाचे कोण ऐकतो? माझ्या अंगचा तो चुरा मक्याच्या कणीएवढाच होता, पण दगडाचा. चाळणीला त्याने दाद दिली नसती. आणि पोटात कावळे ओरडत असताना चाळत कोण बसणार? बघता बघता बादली खरवडून झाली. धाकटा रिकामी बादली वाजवत आत आला. तो खूश होता, हे मला अजून आठवते.

त्या पिठाच्या भाकऱ्या झाल्या, पाव झाले, शेजारीपाजारी वाटले गेले. गल्लीच्या तोंडाशी पावाची भट्टी होती. त्या भट्टीवाल्याच्या म्हाताऱ्या बापाला कोणीतरी प्रेमाने एक पाव दिला. म्हाताऱ्याचा दात मुळापासून मोडला, हिरडी सुजली आणि तो तापाने फणफणला. कोणाच्या तोंडातून रक्त आले, कोणाची पोरे पोट धरून लोळू लागली. मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. वजन भरायला गिरणीवाले पिठात दगड कुटून घालतात, असे एकाने म्हटले. दुपारपर्यंत, आम्ही त्यांना दगड कुटताना पाहिले, असे सांगणारेही निघाले.

लोक आले तेव्हा गिरणी चालू होती. भट्टीवाला पुढे होता, हातात घण. मागे पहारी, काठ्या, कोयते. त्या गर्दीत मागच्या दाराशी बसणारेही होते. भट्टीवाल्याने एक पाव थोरल्याच्या छातीवर फेकून मारला.

"खा! आमच्यासमोर खा!"

थोरल्याने पाव उचलला, तुकडा मोडला आणि बोटांत चोळला. त्याला लगेच कळले. त्याने एकदाच धाकट्याकडे पाहिले. धाकट्याच्या तोंडचे पाणी पळाले होते. थोरल्याने तोंड फिरवले आणि तो भट्टीवाल्याला म्हणाला, "गिरणी माझी आहे. काय करायचं ते मला करा."

पहिली काठी त्याच्या खांद्यावर बसली, दुसरी डोक्यावर. तो पोत्यांवर कोसळला आणि गव्हाचे पोते लाल झाले. लाथा सुरू झाल्या. तेव्हा धाकटा दोन्ही हात वर करून पुढे धावला.

"थांबा! अहो, ऐका, ते पीठ—"

घणाचा दांडा त्याच्या जबड्यावर बसला. तो आवाज मला परका नव्हता. मक्याचे कितीतरी दाणे मी त्याच आवाजात फोडले होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या कामाची शिसारी आली. धाकटा खाली पडला तरी मार थांबेना. कोणीतरी ओरडले, "घाला याचाच हात दगडात! दळा याला!" दोघांनी त्याला फरफटत माझ्यापाशी आणले. त्याची बोटे माझ्या कडेपासून वीतभर अंतरावर आली. मला थांबता येत नव्हते.

वहिनी नरसाळ्याशी उभी होती. तिने काय करावे? धान्याची झडप खटकन बंद केली!

आमच्यामधले दाणे संपले आणि आम्ही एकमेकांवर आदळलो. इतक्या वर्षांत असे कधीच झाले नव्हते. छप्पर हादरेल असा कर्कश आवाज झाला. आमच्यामधून ठिणग्यांचा लोट उसळला आणि जळक्या दगडाचा वास पसरला. "पळा! पेटणार!" वहिनी किंचाळली. धाकट्याला धरणाऱ्यांनी त्याला सोडून दाराकडे धूम ठोकली. एवढ्यात तिने त्याला बखोटीला धरून ओढले, थोरल्याला लाथ मारून उठवले आणि दोघांना मागच्या दाराने बाहेर काढले. माझ्या जोडीदाराच्या आणि माझ्या अंगाच्या चिंध्या झाल्या, पण त्याचे मला काही वाटले नाही. कोणाला वाचवण्यासाठी मी पहिल्यांदाच झिजत होतो.

भडका काही उडाला नाही. इंजिनाचा पट्टा तुटला आणि मी थांबलो. मग लोकांना पुन्हा धीर आला. त्यांनी मला पहारींनी उचकटले आणि रस्त्यावर ढकलून दिले. घरंगळताना मी एकाच्या पायाची बोटे चिरडली. ती कोणाची, हे मी पाहिले नाही आणि खरे सांगतो, वाईटही वाटले नाही. आत भट्टीवाला माझ्या जोडीदारावर घण घालत होता. त्याचे तुकडे होतानाचे आवाज मी रस्त्यात पडून ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक सवयीने धान्याच्या पिशव्या घेऊन आले आणि फुटक्या दारापुढे तोंडात मारल्यासारखे उभे राहिले. आसपास दुसरी गिरणी नव्हती. कोणी अख्खे दाणे उकडले, कोणी उखळात कुटता कुटता हाताला फोड आणले. भट्टी थंड पडली. कडेवर मूल घेतलेल्या त्या बाईला राहवले नाही. तिने भट्टीवाल्यापुढे जाऊन सगळे सांगितले. धाकट्याने पीठ फुकट दिले होते, चाळून घ्या म्हणाला होता, असे ती रडत रडत बोलली.

भट्टीवाला मान खाली घालून गिरणीच्या दारात वहिनीकडे आला. "झालं ते झालं, वहिनी," तो पुटपुटला. "गिरणी सुरू करा."

"खालचा दगड तुम्हीच फोडलात ना? मग त्यालाच विचारा," वहिनी म्हणाली आणि तिने गिरणीचे ते फुटके दार लावून घेतले.

ते दार आजही बंद आहे. थोरल्याचे डोके बरे झाले, पण त्याने पुन्हा छिन्नी हातात धरली नाही. धाकट्याचा जबडा वाकडा जुळला. त्याचे बोलणे आता घरच्यांनाही धड समजत नाही आणि त्याला पातळ कालवलेल्या पिठाशिवाय काही गिळता येत नाही. वहिनी रोज त्याच्यासाठी मूठभर गहू कुटते आणि फडक्यातून गाळून घेते. कोणे एके काळी गल्लीला हसवणारा तो माणूस माझ्यावर येऊन बसतो आणि तासन्‌तास रस्त्याकडे बघत राहतो.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल चाकू पाजळा, माझी तक्रार नाही. पण माणसावर हात उचलण्यापूर्वी त्याचे बोलणे तेवढे पुरे होऊ द्या. त्या दिवशी गिरणीत एवढी माणसे घुसली, आणि काय झाले ते एकानेही विचारले नाही. धाकटा तेच सांगायला पुढे आला होता.