अग्निपाखराची जागा

जुलैतल्या एखाद्या निरभ्र दिवशी तिघांनी पाखरं बघायला वेरिब्बेनच्या पाणथळीत होडी घेऊन जायचं, हे ते एकाच शाळेत शिकवत होते तेव्हापासूनचं. होडी बॅटरीवरची, आवाज न करणारी. सुकाणूवर रोलोफ, कारण होडी आपल्यालाच कळते असं त्याला वाटतं. मधे हिल्त्ये, मांडीवर डबा घेऊन. आणि टोकाला गेस्के, कारण तिघांतले डोळे म्हणजे तिचेच.

त्या डोळ्यांचं काय झालंय ते तिनं दोघांना सांगितलं नव्हतं. वसंतापासून नजरेच्या ऐन मधोमध एक राखाडी डाग बसला होता. कडेचं सगळं लख्ख, पण ज्याच्याकडे पाहावं नेमकं तेच गायब. सांगितलं तर हे दोघं माया करतील, हात धरून होडीत बसवतील, आणि पुढच्या वर्षी टोकाला दुसरंच कुणी असेल. मायेला ती घाबरत होती.

बोरूच्या बनातून जांभळा बगळा उठला. एवढं मोठं धूड, ते तिला दिसलं. लांब मान आत घेत, पंख सावकाश हलवत तो असा गेला की रोलोफसुद्धा गप्प झाला. मग मोकळ्या पाण्यावर काळे सुरय पक्षी किर्र ओरडत फिरू लागले.

"पाहिलेस?" हिल्त्येनं विचारलं.

"पाहिले," गेस्के म्हणाली. तिनं ते फक्त ऐकले होते.

बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. पण पाखरं पाहणाऱ्या या लोकांत न पाहिलेलं पाहिलं म्हणणं म्हणजे चोरीच. एका क्रौंचावरून रोलोफ आणि त्याचा सख्खा भाऊ ईस्टर ते नाताळ बोलत नव्हते. गेस्केला कॉफी गोड लागेना. हिल्त्येनं प्रत्येकाला एकेक बिस्किट देऊन डबा लावून टाकला, तेही तिनं न कुरकुरता खाल्लं. तिथेच खरं तर हिल्त्येला संशय यायला हवा होता.

दुपारी ऊन तापलं आणि रोलोफनं होडी थांबवली. "हलू नका," तो कुजबुजला. "अग्निपाखरू. नर आहे. समोर, फुलांच्या जांभळ्या तुऱ्यावर."

याच्यासाठीच तर यायचं. या फुलपाखराचं हे इतकं मोठं रूप इथल्या दलदलीखेरीज आता कुठे उरलेलं नाही. गेस्केनं दुर्बीण लावली. तुऱ्यांची जांभळी रांग दिसली, आणि रांगेच्या मधोमध राखाडी डाग.

"दिसलं ना?" हिल्त्ये म्हणाली.

हो म्हणणं किती सोपं होतं. पण हे पाखरू न पाहता पाहिलं म्हणायचं, तर इथवर यायचंच कशाला?

"नाही दिसलं," गेस्के म्हणाली. "आणि ते सुरयही नव्हते दिसले. डोळ्यांच्या मधे डाग आलाय. वसंतापासून."

पाणी होडीला चपचप लागत राहिलं.

"म्हणजे एप्रिलमध्ये तू दाखवलेला तो घिरट्या घालणारा भोवत्या," हिल्त्ये शेवटी म्हणाली, "जो मी पिशवी आहे म्हणून सांगत होते..."

"पिशवीच असेल."

"आणि मी घरी सगळ्यांना भोवत्या दिसला म्हणून सांगत सुटले, बाई." तिनं मांडीवरचा डबा खाली ठेवला. "डॉक्टरीण काय म्हणाली?"

"सरळ बघू नका म्हणाली. शेजारी बघा."

"मग शेजारी बघ की. आमच्याशी तरी सरळ कुठे वागलीस?"

"उडालं," रोलोफ पुटपुटला. एका चतुराच्या मागे ते पाखरू तीरासारखं गेलं होतं. गेस्केचा हात दुर्बिणीवरून खाली आला.

"येईल," हिल्त्ये म्हणाली. "नर आपली जागा सोडत नाही. या बाबतीत रोलोफसारखाच. गेस्के, तो डावीकडचा वाळका बोरू दिसतोय? त्याच्यावर नजर ठेव. तुऱ्याकडे बघायचंच नाही."

गेस्केनं दुर्बीण ठेवून दिली आणि त्या वाळक्या बोरूकडे इमानानं पाहत राहिली. मान अवघडली.

आणि नजरेच्या कडेला ते येऊन बसलं. पंख उघडले, तसा जांभळ्या तुऱ्यावर निखारा पेटला. तांब्याचं भांडं चिंच लावून नुकतं घासावं तसा रंग, भोवती काळी बारीक किनार. ते ऊन पीत तुऱ्यावर जरासं वळलं, आणि प्रत्येक वळणाला नवं चमकलं. बोरूवरून नजर काढायचा मोह तिला अनावर होत होता. तिनं तो आवरला. डोळे भरून आले तरी पुसले नाहीत.

रोलोफनं होडी सुरू करायला बॅटरीच्या बटणाकडे हात नेला, तर हिल्त्येनं तो बाजूला केला आणि पाव-चीज काढलं. जेवण इथेच होणार होतं.

गेस्के पाव खाता खाता रोलोफकडे वळली. तो चघळत काहीतरी सांगत होता, तिच्या नजरेत त्याचा चेहरा नव्हताच, नुसती टोपी. पण टोपीच्या कडेला काहीतरी हललं.

"रोलोफ, तोंड बंद कर आणि हलू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या मागे, पाणचुक्याच्या पानावर. मादी आहे. अंडी घालतेय."

हिल्त्ये वळून बघायला लागली. "कुठे गं? मला नाही दिसत."

"पानाकडे बघू नकोस," गेस्के म्हणाली आणि स्वतःशीच हसली. "नाही, तू बघ. तुझे डोळे चांगले आहेत."