ऑरीने केलेलं टेबल

जुना ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आतून सोलायला घेतला की लोक पहिली चूक कोणती करतात, सांगू? हौसेहौसेने सगळंच उपटून काढतात. ओटा काढला, बाकं काढली, कपाट काढलं, आणि मग बाहेर येऊन बघतात तर काय, ट्रेलर दोन्ही बाजूंनी पोट सुटल्यासारखा फुगलेला. अहो, फुगणारच! घर बाहेरून आत बांधतात, ट्रेलर आतून बाहेर. आधी जमीन, मग कपाटं, मग त्या कपाटांना धरून भिंती आणि सगळ्यात शेवटी वरून पत्रा. ते कपाट नुसतं कपडे टांगायला नसतं, छत त्याच्या खांद्यावर असतं. एल्कहार्टच्या ट्रेलर कारखान्यात सव्वीस वर्षं मी हेच काम केलं. मला कोणी शिकवायला येऊ नये.

म्हणून वाकारूसा गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या कोठारातून हा १९६२ सालचा सोळा फुटी ट्रेलर ओढून आणला, तेव्हा मी आधी आत आडवे टेकू ठोकले. प्रत्येक जुन्या फळीचा पुठ्ठ्यावर साचा उतरवून घेतला. मगच पहिली पटाशी लावली. काय काय निघालं म्हणता! उंदरांच्या सात पिढ्या, गांधीलमाश्यांचं पोळं, बोटाने दाबलं तरी भुगा होणारं प्लायवूड. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "व्हर्डा, पासष्टीला आलीस, आता हे कशाला?" म्हटलं, सत्तरीत करू का मग?

बेत साधा होता. डेल, माझा नवरा, जाऊन सहा वर्षं झाली होती आणि घर मी विकून टाकलं होतं. सप्टेंबरात ट्रेलर गाडीला जोडायचा आणि ओरेगॉनला लेकीकडे जायचं. तिच्या अंगणात, पण स्वतःच्या छताखाली राहायचं. फक्त एक अडचण होती. या कामाला दोन माणसं लागतात, एक आतून कपाट धरायला आणि एक बाहेरून स्क्रू मारायला.

दुसरं माणूस आलं ते न बोलावता. जूनच्या पहिल्या सोमवारी माझा भाऊ ऑरी सायकल अंगणातल्या मेपलच्या झाडाला टेकवून उभा राहिला. पांढरी दाढी, गवती हॅट, पँटला खांद्यावरून पट्टे.

"व्हर्डे, हा पत्रा एकट्या बाईच्याने निघायचा नाही."

"तुला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही. सुतारकीचं दुकान पोराच्या हवाली केलंय. घरात बसलो की लिडिया मला बटाटे सोलायला लावते." लिडिया त्याची बायको.

आमच्या भागात ही बातमी एका दिवसात चार गावं फिरली. कारण ऑरी आमिश आहे, म्हणजे वीज-मोटारी न वापरणाऱ्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातला, आणि मला आमिश लोकांनी त्रेचाळीस वर्षांपूर्वी वाळीत टाकलंय. एकोणिसाव्या वर्षी मी गुडघे टेकून चर्चला शब्द दिला आणि बाविसाव्या वर्षी तो मोडून डेलशी लग्न केलं. डेल इंग्लिश होता. म्हणजे त्याचे आजोबा पोलंडहून आलेले, पण आमच्यात जो आमिश नाही तो इंग्लिश, मग तो चंद्रावरून का येईना.

वाळीत टाकलेल्याला मदत करायला बंदी नसते. त्याच्याकडून घ्यायला असते. त्याच्या हातातून वस्तू घ्यायची नाही, त्याच्या गाडीत बसायचं नाही आणि त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही. पहिल्या दोन गोष्टींची सवय होते. तिसरीची होत नाही. माम, म्हणजे आमची आई, गेली, तेव्हा अंत्यविधीनंतरच्या जेवणाला माझं ताट धुण्याच्या खोलीत मांडलं होतं, एकटीचं. मी तिथे बसून चिकन खात होते आणि भिंतीपलीकडून ऑरीचा आवाज ऐकू येत होता. तो कुणाला तरी लोणचं वाढत होता. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट बसली होती. मरायच्या आधी, निदान इथून जायच्या आधी, एकदा भावाबरोबर एका टेबलावर जेवायचं. बाकी मला कुणाकडून काही नको होतं.

पण बोलले नाही. कामाला लागलो.

मी त्याच्या हातात स्क्रू देऊ शकत नव्हते, म्हणून आमच्या मध्ये एक बादली उपडी घातली. मी तिच्यावर ठेवायचं, त्याने तिच्यावरून उचलायचं. दोन दिवसांत मी त्या बादलीचं नाव बिशप ठेवलं, कारण चर्चचे नियम पाळले जातात की नाही ते बघणारा तोच. "बिशपवर बिजागऱ्या ठेवल्यात बघ." "बिशपला जरा इकडे सरकव." ऑरी दाढीतल्या दाढीत हसायचा आणि मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडायचा. माझ्या विजेच्या हत्यारांना त्याने हात लावला नाही. स्वतःची करवत, स्वतःचा रंधा, आणि काम असं की बघत राहावं.

तरी पहिलं कपाट त्याने चुकवलंच. दुकानातून करून आणलं, गुण्या लावून बघितलं तर केसाचाही फरक नाही. आत सरकवलं तर मागे तीन बोटं फट.

"भिंत वाकडी आहे," ऑरी म्हणाला.

"भिंत वाकडी नाही. ट्रेलरची आहे."

"कोणी बांधला हा? दारू पिऊन बांधला का?"

"माझ्याच कारखान्यात बांधलाय, जरा जीभ सांभाळ! पुठ्ठ्याचा साचा दिला होता ना तुला? तो काय सरपणाला दिलास?"

"मी बेचाळीस वर्षं कपाटं करतोय, व्हर्डे. मला पुठ्ठा लागत नाही."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे मी खूप पाहिलेत, पण ट्रेलरचं अंगण खरंच वाकडं असतं. छप्पर गोल, भिंत पुढे निमुळती, जमीन मधोमध थोडी उचललेली. मी त्याला म्हटलं, "तुझी ती पाणसळ आहे ना, ती सूप ढवळायला ठेव. इथे साचा म्हणेल ते खरं." तो फुगून निघून गेला. तिसऱ्या दिवशी साच्याबरहुकूम कापलेलं नवं कपाट घेऊन आला आणि ते असं चपखल बसलं की आम्ही दोघं नुसते बघत उभे राहिलो. मग मी बाहेरून स्क्रू मारले, तो आतून ओरडत होता, "अजून! अजून! बस!" टेकू काढले तेव्हा छत तसूभरही हललं नाही. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

दुपारी मात्र तो आपला डबा घेऊन मेपलखाली जायचा. मी ट्रेलरच्या पायरीवर बसायचे. मध्ये वीस पावलं. तिकडून तो ओरडायचा, इकडून मी.

"लिडियाने बीटाच्या लोणच्यात अंडी घातलीत आज!"

"मला कशाला सांगतोस, देणार आहेस का?"

देता येत होतं, म्हणून तो उठून यायचा, माझ्या हातावर अंडं ठेवायचा आणि परत झाडाखाली जाऊन बसायचा. ते अंडं मी पायरीवर एकटीच खायचे.

ऑगस्ट आला. पत्रा परत चढला, बर्चच्या लाकडी भिंतींवर शेलॅक पॉलिशचे तीन हात झाले, ट्रेलर आतून मधासारखा दिसायला लागला. राहिलं होतं फक्त टेबल, दोन बाकांच्या मधलं. ते मी दुकानात करून आणतो, असं ऑरी म्हणाला, आणि या खेपेला साचा मागून घेतला. त्या दुपारी मला राहवलं नाही. वीस पावलं चालत मीच झाडाखाली गेले.

"ऑऱ्या, टेबल बसलं की एकदा आत जेवू. दोघंच. दार लावून घेऊ, कोणाला दिसणार नाही."

त्याचा घास थांबला. "देवाला लावलेल्या दारातून दिसत नाही होय?"

"देवाला माहितीये तू माझा भाऊ आहेस."

"त्याला हेही माहितीये की मी शब्द दिलाय. तूही दिला होतास. त्याच दिवशी, मी तुझ्या मागे गुडघे टेकून होतो, व्हर्डे. तू मोडलास. मी मोडणार नाही."

खरं होतं ते. म्हणूनच मी पेटले. "तीन महिने माझ्या छताखाली राबतोस! माझे स्क्रू बादलीवरून उचलतोस! आणि माझ्या ताटाचा विटाळ होतो?"

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हणत नाहीस. उठून झाडाखाली जातोस. जा, घरीच जाऊन जेव! टेबल मी स्वतः करीन. तुझ्या जन्माच्या आधीपासून करतेय."

तो माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान आहे, तेव्हा हे काही जमायचं नव्हतं, पण रागात कोण हिशेब करतं. त्याने डबा बंद केला, साचा काखेत मारला आणि सायकलवर बसून गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला माझ्या जिभेची लाज वाटत होती आणि त्याच्यावरचा राग काही जात नव्हता. दोन्ही एकदम घेऊन मी ट्रेलरची चाकं बदलली, ब्रेक तपासले, दिवे लावून बघितले. एकदा वाटलं, गाडी काढून त्याच्याकडे जावं. पण जाऊन काय करणार, अंगणात उभी राहून ओरडणार? चौथ्या दिवशी एक फळी रंधायला घेतली आणि तीही धड होईना.

पाचव्या दिवशी सकाळी घोड्याच्या टापा ऐकू आल्या. ऑरी बग्गी घेऊन आला होता, मागे घोंगडीत गुंडाळलेलं टेबल. "बाजूला हो," एवढंच म्हणाला आणि एकटाच आत घेऊन गेला. मी मागोमाग गेले. अक्रोडाचं लाकूड, कडा हाताला लोण्यासारख्या. आणि मधोमध कापलेलं. एकाचे दोन तुकडे, दोन्हींना वेगवेगळे पाय, आणि मध्ये अंगठा जाईल एवढी फट.

"हे काय रे?"

"टेबल."

"साचा दिला होता ना तुला! ही फट कसली?"

"साच्याप्रमाणेच आहे. बाहेरून मोजून बघ."

मी मोजलं. फटीसकट बरोबर होतं, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. माझं डोकंच फिरलं. "अरे हाडाचा सुतार म्हणवतोस आणि टेबलाचे दोन तुकडे करून आणतोस? माझा राग लाकडावर कशाला काढलास? जेवताना सगळे कण खाली सांडणार, कप ठेवायची पंचाईत..."

तो टेबल बसवत राहिला. एक तुकडा या बाकाकडे, दुसरा त्या बाकाकडे. मग बग्गीतून लिडियाची पांढरी चादर आणली, झटकली आणि दोन्ही तुकड्यांवर मिळून अंथरली. फट दिसेनाशी झाली.

काही जिल्ह्यांतले आमिश वाळीत टाकलेल्याबरोबर असं दोन टेबलांवर एक चादर घालून जेवतात, हे मी ऐकलं होतं. आमच्यात कधी कोणी केलं नव्हतं.

"बिशपला विचारलंस?"

"चार दिवस दुसरं काय करत होतो?"

"बादलीला नव्हे. खऱ्या बिशपला?"

"तीन वेळा गेलो. पहिल्यांदा नाही म्हणाला. दुसऱ्यांदा जोरात नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मी त्याला टेबलच नेऊन दाखवलं." ऑरीने हॅट काढून खुंटीला लावली. "तेव्हा म्हणाला, टेबलं दोन असतील तर ती दोन आहेत. वर चादरी किती घालायच्या ते बायकांचं काम, मी त्यात पडत नाही."

मी दाराची चौकट धरून उभी होते.

"उभी काय राहिलीस? जेवायला काय आहे?"

कालच्या चिकन नूडल्स होत्या आणि कुस्करलेला बटाटा. तेवढंच. नव्या शेगडीवर ते मी गरम केलं आणि भांडं माझ्या टेबलावर ठेवलं. आम्ही समोरासमोर बसलो. त्याने मान खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना केली. मला प्रार्थना जमली नाही, मी त्याच्या डोक्यावरचा हॅटचा वळ बघत बसले. मग त्याने पाव कापला आणि माझ्या हातात दिला. भांडं स्वतःकडे ओढून घेतलं, फटीवरून येताना ते किंचित खचलं, चादर दबली, आणि मग ते त्याच्या बाजूला पोचलं.

एक घास खाऊन म्हणाला, "मीठ कमी आहे."

"त्रेचाळीस वर्षांनी जेवायला बसलास आणि मीठ काढतोस!"

तो हसला. मीही हसले आणि मग रडले, चांगली हुंदके देऊन. तो ताटात बघत जेवत राहिला, कारण त्याचेही डोळे भरले होते आणि ते मला दिसू द्यायचे नव्हते. दोनदा वाढून घेतलं त्याने. मीठ न घालता.

जाताना टेबलाखाली वाकून दाखवलं. "इथे खिट्टी आहे. लेकीकडे पोचलीस की दोन्ही भाग सरकवून लाव, एकच टेबल होईल. मी नसताना तुला फटीचं काय काम?"

आता ओरेगॉनला येऊन सात महिने झाले. ट्रेलर लेकीच्या अंगणात उभा आहे आणि दर रविवारी सगळे माझ्याकडे जेवतात. नातीचे वाटाणे दर वेळी त्या फटीतून खाली जातात आणि लेक दर वेळी वैतागते. "आई, लाव ना ती खिट्टी!" मी तिला सांगून टाकलंय, वाटाणे मी उचलीन, तू खिट्टीला हात लावायचा नाही.