लॅमिनेट केलेली डिस्क

लोक माझ्याकडे जुने कॉम्प्युटर आणत नाहीत, गेलेली माणसं आणतात. आणि परत द्या म्हणतात. इंडोनेशियातल्या बांडुंगमध्ये जुन्या मशीनचं हे संग्रहालय चालवता चालवता माझे केस गेले, कंबर गेली, आणि आता उमेदही चाललीय.

त्या दिवशी गारुतहून इबू एनोक आल्या; इबू म्हणजे आई, वडीलधाऱ्या बाईंना आम्ही असंच म्हणतो. येताना माझ्यासाठी चिकट गोड दोडोल घेऊन आल्या, म्हणजे नाही म्हणायची सोयच ठेवली नाही. त्यांचे यजमान शाळामास्तर. डोंगरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांनी वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर टाइप करून डिस्कवर ठेवल्या होत्या. म्हाताऱ्या केव्हाच गेल्या, मागल्या वर्षी मास्तरही गेले. आता त्या गोष्टी दुसरीकडे कुठेही नव्हत्या.

"हे बघ, उजांग," म्हणत त्यांनी रुमालातून एक फ्लॉपी डिस्क काढली. उजांग म्हणजे पोरा. माझी साठी जवळ आलीय, पण त्यांना काय त्याचं!

डिस्क चकचकत होती. लॅमिनेट केलेली.

आमच्याकडे हे वेडच आहे. शाळेचा दाखला, निकाहाचा कागद, बापाचा फोटो, जे जपायचं ते झेरॉक्सवाल्याकडे न्यायचं आणि गरम रुळांतून काढून आणायचं. पण डिस्क?

"लेबलवर त्यांचं अक्षर आहे ना, पुसट व्हायला लागलं होतं," इबू म्हणाल्या.

मी डोक्याला हात लावला. "कांग, तोंड सरळ कर आधी," माझी सहकारी लिलिस पुटपुटली. कांग म्हणजे दादा.

मी प्लॅस्टिक कापलं, आतली पातळ तपकिरी चकती अलगद काढली, धुतली, वाळवली आणि दुसऱ्या कोऱ्या पाकिटात घातली. चकतीला उन्हात विसरलेल्या पापडासारखा बाक आला होता. ड्राइव्ह खरखरू लागला. जे वाचता येतं ते पडद्यावर हिरवं दिसतं, जे गेलं ते लाल. पडदा लालच होत गेला. शेवटी एका गोष्टीचं नाव तेवढं हाती लागलं आणि पुढे सहा-सात ओळी.

इबूंनी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. मग हळूच विचारलं, "माझ्यामुळे झालं का रे?"

नुकसानाचं कारण नोंदवायला लिलिस पेन घेऊन बसली होती. आमचा एकच नियम आहे, नोंद खरी करायची. पण मी दमलो होतो हो! खरं बोलायला जीव लागतो, तो माझ्यात उरला नव्हता.

"छे छे, इबू. बुरशी. इथल्या दमट हवेत कोणाचं काय चालतं?"

लिलिसनं पेनाला टोपण लावलं.

इबूंना रडू फुटलं, आणि मग हायसंही वाटलं. "मला बाई रात्र रात्र झोप नव्हती," म्हणत त्यांनी डोळे पुसले, पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत जाऊन वळल्या.

"म्हणजे लॅमिनेट केली म्हणून थोडंतरी वाचलं, नाही? घरी अजून डबाभर आहेत. त्यांना बुरशी लागायच्या आत उद्याच सगळ्या लॅमिनेट करून टाकते."

लिलिस म्हणाली, "कांग, बोल."

"इबू, थांबा. बुरशी नव्हती."

"मग?"

"उष्णता. त्या दुकानातल्या मशीनची."

त्यांनी पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. "म्हणजे मीच."

"हो, इबू."

लिलिसनं पुढे सरकवलेल्या स्टुलावर त्या बसल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाकीच्या डिस्क वाचतील, फक्त डबा आहे तसा ठेवा, मी एकसारखा सांगत होतो. त्या माझं ऐकत होत्या की नाही, कळत नव्हतं.

"डबा न्यायला तूच ये," शेवटी त्या म्हणाल्या. "मला आता त्याला हात लावायची भीती वाटते."