कनिष्ठेचा मुखवटा

गोपाळकृष्ण भोपाळहून आले ते एकटे आले नाहीत, आणि आले तेही नेमके गौरी घरात घ्यायच्या दिवशी. टांग्यातून आधी त्यांची ट्रंक उतरली, मग नवीकोरी वळकटी आणि मग जांभळं पातळ नेसलेली एक बाई. इंदुताई तेव्हा उंबऱ्याबाहेर तांदळाच्या पिठानं लक्ष्मीची पावलं काढत होत्या. बोटं तशीच ओली धरून त्यांनी वर पाहिलं. बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात नवं मंगळसूत्र. "या सरोजिनी," एवढंच सांगून इंदुताईंचा नवरा आत गेला. पावलं चुकवायची तसदीही त्यानं घेतली नाही. लक्ष्मीच्या टाचेवर बुटाचा तळवा उमटला.

नवं राज्य झालं, मोतीमहालातली सरकारी कचेरी उचलून भोपाळला नेली, तेव्हापासून शहराच्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांतले पुरुष तिकडे खोल्या घेऊन राहू लागले होते. बायका इकडे मुलांच्या शाळा, म्हातारी माणसं आणि देवघर सांभाळत राहिल्या. जयेंद्रगंजातल्या त्या घरात इंदुताईंना कधी एकटं वाटलं नाही. सोमवार, एकादशी, रोजची तुळशीची पूजा आणि सहस्रनाम यांत दिवस सरून जाई. चार दिवसांपूर्वीच तर त्यांनी हरतालिका केली होती, निर्जळी. पार्वतीनं शंकरासाठी केलं तसं आपण यांच्यासाठी करायचं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. वाळूच्या पिंडीपुढे बसताना जीभ टाळूला चिकटली होती, आणि मनात नाव यांचंच होतं. आता ते आठवलं आणि त्यांनी पिठानं भरलेली बोटं पदराला पुसून टाकली.

माजघरात गोपाळकृष्णांनी आईला सगळं समजावून सांगितलं. आवाज असा, की जणू कचेरीतली एखादी अडचण मार्गी लावतायत. तलावाकाठच्या महादेवाच्या देवळात त्यांनी सरोजिनीला माळ घातली होती. नवा कायदा हे लग्न मानत नाही, म्हणून तर गाजावाजा नको. पण कायदा कालचा आणि धर्म युगायुगांचा. दुष्यंतानं काय केलं होतं? श्रीकृष्णाला आठ राण्या होत्या, रुक्मिणीनं कधी घर डोक्यावर घेतलं का? बोलता बोलता त्यांनी पेढ्यांचा पुडा सोडला. इंदुताई दाराआड उभ्या होत्या. ज्या कृष्णाला त्या रोज पहाटे तुळस वाहत, त्याला या माणसानं आपल्या वकिलाच्या जागी उभं केलं होतं.

सासूबाईंनी आधी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं एक पेढा उचलला. तो खाऊन झाल्यावर त्यांना मार्ग सुचला.

दरवर्षी ज्येष्ठा गौरीचा मुखवटा इंदुताई आणत आणि कनिष्ठेचा त्यांची धाकटी जाऊ शरयू. यंदा कनिष्ठा सरोजिनीनं आणावी. दुपारी लष्करातल्या ओळखीच्या बायका हळदीकुंकवाला येणारच होत्या. मोठी सून स्वतः हिला बरोबर घेऊन गौरी आणते आहे, असं एकदा चारचौघींनी डोळ्यांनी पाहिलं, की मग पुढे कुणाची तोंड उघडायची छाती होणार नाही.

"घरात ज्येष्ठा आहेच," सासूबाई म्हणाल्या. "कनिष्ठा आली असं समजायचं."

"तू समझदार आहेस इंदू," गोपाळकृष्ण दाराकडे वळून म्हणाले. "घरात हंगामा नको. तुझं स्थान काही जात नाही."

इंदुताई दाराआडून मागे सरल्या. त्या फारशा बोलतच नसत, आणि त्यांचं गप्प राहणं म्हणजे होकार असा या घराचा रिवाज होता. पण आज होकाराचा अर्थ त्यांना लख्ख कळत होता. कायदा जिला बायको म्हणत नव्हता, तिला आपल्या हातांनी बायको करून द्यायचं होतं. एकदा गौरीच्या साक्षीनं तिला आत घेतलं, की जन्मभर त्याविरुद्ध एक शब्द काढायची सोय राहणार नव्हती.

स्वयंपाकघरात शरयू खोबरं खोवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "माझी बदली झाली म्हणे, जाऊबाई. अपनी पोस्ट पर भोपाळवाली आली." मग तिनं खवणी बाजूला सारली आणि डोळे पुसले. म्हणाली, खोबऱ्याचा कण गेला.

सरोजिनी दाराशी येऊन उभी राहिली. काही मदत करू का, असं तिनं विचारलं. जवळून ती फारच लहान वाटत होती. "ताई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्हीच बोलावलंत असं हे म्हणाले. नाहीतर माझी हिंमत नव्हती."

इंदुताईंनी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून जी किळस दाटून आली होती ती हिच्यावर टाकता आली असती तर किती सोपं झालं असतं. पण ती हिच्यावर बसेना. फिरून फिरून ती माजघरातल्या त्या पेढ्यांच्या पुड्याकडेच जाई. त्यावर आता माश्या बसल्या होत्या.

दुपारी बायका जमल्या. कुणी माधवगंजातून, कुणी बाड्याच्या चौकापलीकडून. बातमी त्यांच्याही आधी पोचलेली दिसत होती, कारण दरवर्षी उशिरा येणाऱ्यासुद्धा आज वेळेवर होत्या. कुणी इंदुताईंच्या तोंडाकडे पाही, कुणी सरोजिनीच्या गळ्याकडे. लीलाताई तर कौतुकानं मान डोलवून म्हणाल्या, "दोघी शोभतात हो अगदी. रुक्मिणी-सत्यभामा." दोघीतिघी हसल्या. इंदुताईंना वाटलं, यांच्यातल्या प्रत्येकीनं चार दिवसांपूर्वी माझ्यासारखीच हरतालिका केली आहे.

गोपाळकृष्ण सोवळं नेसून दाराशी उभे होते. केस तेलानं चापून बसवलेले, तोंडात विडा, चेहऱ्यावर तृप्ती. पूजेत विडा कसला चघळतायत, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

अंगणात तुळशीपाशी दोन्ही मुखवटे सुपात ठेवले होते. इंदुताईंनी ज्येष्ठेचा उचलला. सरोजिनीनं कनिष्ठेचा उचलला. देवीच्या नथीतले मोती हलत होते. शरयूनं थाळी वाजवायला घेतली. मोकळ्या हातानं कुंकवाच्या पाण्याचे ठसे उमटवत दोघी उंबऱ्यापर्यंत आल्या आणि रीतीप्रमाणे थांबल्या. उंबऱ्याच्या आतून सासूनं विचारायचं, कोण आलं? गौर आणणारीनं सांगायचं, गौर आली. मग कशाच्या पावलांनी आली ते विचारायचं, आणि सोन्यामोत्यांच्या, दूधदुभत्याच्या पावलांनी म्हणत आत शिरायचं. इंदुताई लग्न होऊन आल्यापासून हे उत्तर देत होत्या.

"कोण आलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

इंदुताईंच्या ओठावर शब्द आले होते. इतक्यात गोपाळकृष्णांनी विडा या गालातून त्या गालात फिरवला. त्याचा ओलसर आवाज त्यांना अगदी कानाशी ऐकू आला.

"गौर नाही आली, आई," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच, हळू. "यांनी भोपाळहून दुसरी बायको आणली आहे. तिला घरात घ्यायचं तर तुम्ही घ्या. देवीला मध्ये घालू नका."

शरयूचा थाळीवरचा हात थांबला.

"इंदू, तमाशा नको," गोपाळकृष्ण दात आवळून म्हणाले.

इंदुताईंनी सरोजिनीपुढे हात केला. तिनं मुकाट्यानं कनिष्ठेचा मुखवटा त्यांच्या हातावर ठेवला, जणू कधी एकदा सुटते असं झालं होतं. दोन्ही मुखवटे घेऊन इंदुताई तुळशीपाशी परतल्या आणि पाट मांडून तिथेच त्यांनी गौरी बसवल्या. शरयूनं आतून नवी लुगडी, दागिने आणि समई आणली. सासूबाई उंबऱ्यातून म्हणत राहिल्या, की गौरी कधी कुणी उघड्यावर बसवतं का, घराण्याचं काय होईल. लीलाताई चपला शोधू लागल्या. काहीजणी त्यांच्यामागून निघाल्या, काही घुटमळल्या आणि मग एकेक करून अंगणातच बसल्या.

सरोजिनी भिंतीला टेकून उभी होती. मी कुठे जाऊ, असं तिनं विचारलं. ते यांना विचारा, इंदुताई म्हणाल्या. तिला जवळ घ्यावं एवढं मन मोठं झालं नव्हतं, आणि तसं दाखवणंही त्यांना जमलं नसतं.

आरती झाली. बायका तीर्थासाठी पुढे आल्या. लोक पाहतायत म्हणून असेल, गोपाळकृष्णही अंगणात उतरले. त्यांनी गौरींपुढे डोकं टेकलं आणि नेहमीसारखा उजवा तळहात पुढे केला. विड्यानं लाल झालेली बोटं, तोंडाला येणारा कात-चुन्याचा वास. ते घरी असत तेव्हा या हातावर इंदुताईंनी रोज तीर्थ घातलं होतं, त्यानंतरच स्वतः घेतलं होतं.

त्यांनी पळी पंचपात्रात सोडली.

"आईंकडून घ्या," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाईकडे वळल्या.